आयरिस: प्लिकाटा की अमीना?

दाढीवाल्या (खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असलेल्या) आयरिसच्या तीन पाकळ्या वर उभ्या असतात, तीन खाली झुकतात. रंगांचा खेळ या दोन त्रिकुटांमध्ये चालतो. प्लिकाटा आणि अमीना हे त्याचेच दोन प्रकार.

प्लिकाटामध्ये पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळीला जांभळट ठिपक्यारेघांची किनार असते, येवल्याच्या पैठणीच्या काठासारखी, फक्त इथे दोन फुलांचा काठ हुबेहूब सारखा नसतो. जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, पेशीरसात विरघळलेला, पिवळा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा. किनारीचा हा गुण आनुवंशिकतेत अप्रभावी (रिसेसिव्ह), म्हणून संकरातून तो सहज हाती लागत नाही. ‘मादाम शेरो’ ही १८४४ची जुनी प्लिकाटा जात.

अमीनाचा हिशेब सरळ: वर पांढरे, खाली रंगीत. १९३६ची ‘वॉबॅश’ ही जात याचा नमुना. १९४०मध्ये तिला डाइक्स पदक हा आयरिसचा मानाचा पुरस्कार मिळाला. वरचा पांढरा पिवळा झाला, की ती व्हेरिगाटा.

नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या गॅलरीत कुंडी हाताशी असते, त्यामुळे मी प्लिकाटाच घेईन. बारकावे जवळूनच दिसतात. अमीना लांबूनही उठून दिसते, ती अंगणात लावावी. पण इथली थंडी दोघींनाही अपुरीच, फुलांची हमी नाही. शिवाय पावसाळ्यात कंद सडतो. कंदाची पाठ मातीबाहेर उघडी ठेवून उथळ लावा आणि कुंडी पागोळ्यांखाली ठेवू नका.