‘नवशिक्यांसाठी आठ सोपी फुलं’ किट : पाच पाकिटं खरंच सोपी, बाकीच्यांचं बोलूया

आधीच सांगते, झाडांच्या बाबतीत मी अगदी ढ. माझ्या हातून मनीप्लांटसुद्धा गेलाय, त्यामुळे डब्यावर मोठ्या अक्षरात ‘नवशिक्यांसाठी, कुठेही उगवतं’ असं वाचल्यावर भुलायला वेळ लागला नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असे डबे हल्ली ढीगभर मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. माझ्या डब्यात बियांची आठ पाकिटं (झेंडू, झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, तेरडा, गोकर्ण, पोर्तुलाका, पेटुनिया), कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) वाळक्या चकत्या, झाकणवाला एक प्लास्टिकचा ट्रे, नावं लिहायच्या काड्या आणि घडी घातलेली एक पुस्तिका होती. साडेतीन महिने वापरून मग लिहितेय, डबा उघडल्या दिवशीच पाच स्टार देऊन मोकळं होणाऱ्यांतली मी नाही.

पुस्तिकेपासूनच सुरू करते कारण सगळा घोळ तिथे आहे. आठही फुलांना एकच कृती, बी अर्धा इंच खोल पेरा, रोज पाणी द्या, झाकण लावून ठेवा. आता पेटुनियाचं बी कोणी बघितलंय का? धूळ असते हो ती, एका ग्रॅममध्ये हजारोंनी बसतात, माझी तर अर्धी तळहाताच्या घामालाच चिकटली. हे बी रुजायला उजेड लागतो, ते मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि हलकेच दाबायचं, वर माती घालायचीच नाही. पोर्तुलाकाचंही तसंच. मी पुस्तिकेवर विश्वास ठेवून दोन्ही अर्धा इंच खाली गाडली आणि तीन आठवडे रिकाम्या मातीला पाणी घालत बसले. पेटुनियाचं दुसरं दुखणं म्हणजे बी रुजून फूल यायला अडीच-तीन महिने सहज जातात, आणि पहिले काही आठवडे रोप इतकं बारीक असतं की पाण्याची एक जोरात धार पडली की संपलं. सुंदर फूल आहे, वाद नाही, पण तयार रोप आणून लावा ना, नवशिक्याच्या हातात ते पाकीट देण्यात काय अर्थ आहे.

बाकीच्यांचा मला जो हिशोब कळला तो असा, की बी चिमटीत धरता आलं तर काम सोपं. सूर्यफूल, गोकर्ण, झिनिया, झेंडू, कॉसमॉस, तेरडा या सगळ्यांचं बी एकेक करून पेरता येतं, आणि खोली म्हणाल तर बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट, बस. इंच मोजायची पट्टी लागत नाही.

झिनियाला माझे पूर्ण मार्क. चपटं, बाणाच्या टोकासारखं बी, चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर, दोन महिन्यांच्या आत फूल. आणि हे फूल जितकं कापाल तितकं परत येतं, कारण सुकलेलं फूल झाडावर राहिलं की झाड बी धरायच्या मागे लागतं आणि नवीन कळ्या कमी होतात, हे झेंडूलाही लागू. रोप वीतभर झाल्यावर मी शेंडा खुडला तेव्हा जीव कासावीस झाला होता, पण खालून चार फांद्या फुटल्या. एकच तक्रार, पानांवर पांढरी भुरी येते, वरून पाणी घालायची सवय असेल तर हमखास. बुडाशी पाणी द्या आणि दोन रोपांत हवा खेळेल एवढं अंतर ठेवा. नाव कुठून आलं ते शोधलं तर योहान गॉटफ्रिड झिन नावाचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होते १८व्या शतकात, त्यांच्यावरून. झाड मात्र मूळचं मेक्सिकोकडचं, झेंडू आणि कॉसमॉस पण तिकडचेच, म्हणजे डब्यातले आठातले तिघं एकाच माहेरचे.

झेंडूबद्दल काय सांगायचं, तो येतोच. किटमध्ये बुटका मखमली झेंडू होता ही निवड शहाणपणाची, तो उंच मोठ्या फुलाच्या जातीपेक्षा लवकर फुलतो आणि आडवा पडत नाही.

कॉसमॉसने मात्र माझी जिरवली. पुस्तिकेत दर पंधरा दिवसांनी खत द्या असं लिहिलंय, मी उत्साहात गांडूळखत घातलं, वरून आणखी काहीतरी पातळ खत पण घातलं. झाड कमरेएवढं, पानं बडीशेपेच्या पाल्यासारखी झुळझुळीत, आणि फूल शून्य. ताईने त्याच पाकिटातल्या उरलेल्या बिया तिच्या कुंडीतल्या जुन्या, उतरलेल्या मातीत टाकल्या होत्या आणि विसरली होती, तिच्याकडे फुलंच फुलं. मी फोन केला तर म्हणे, ‘अगं, लाड कमी कर त्याचे.’ आणि खरंच तेच कारण आहे, नत्र जास्त झालं की कॉसमॉस नुसता पाला वाढवतो. त्यामुळे पुस्तिकेतलं ते वाक्य पेनाने खोडून टाका. खत बंद केल्यावर माझ्याकडेही फुलं आली, उशिरा, पण आली.

सूर्यफूल लहान मुलांसाठी झकास. बी मोठं, कोंब दणकट, रोज सकाळी बघायला जावंसं वाटतं. कोवळं असताना ते दिवसभर सूर्याकडे वळत राहतं, देठाची एक बाजू दिवसा आणि दुसरी रात्री जास्त वाढते म्हणून. पूर्ण फुललं की वळणं थांबतं आणि ते पूर्वेला तोंड करून उभं राहतं. पण किटमध्ये दिलेली जात एका दांड्याला एकच फूल देणारी आणि माझ्यापेक्षा उंच, आणि डब्यावर म्हणे ‘बाल्कनीसाठी खास’! वाऱ्याने दोनदा आडवं झालं, शेवटी झाडूच्या दांड्याला बांधलं. कुंडीवाल्यांना बुटकी, फांद्या फुटणारी जात द्यायला काय होतं यांना कळत नाही. शिवाय याचं मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे ट्रेमध्ये रोप करून मग हलवायच्या फंदात पडू नका, थेट खोल कुंडीतच पेरा.

गोकर्णाचं पाकीट मी जवळजवळ फेकणार होते. बारा दिवस काहीच नाही. त्याच्या बीचं कवच टणक असतं, रात्रभर पाण्यात भिजवावं लागतं, त्याआधी पॉलिश पेपरवर एक-दोनदा घासलं तर अजून बरं, आणि यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही. दुसऱ्या खेपेला भिजवून लावल्या, आठवडाभरात सहापैकी पाच वर. वेल आहे, दोरी किंवा जाळी आधीच लावून ठेवा नाहीतर शेजारच्या कुंडीच्या गळ्यात पडते, माझी झिनियाला आवळून बसली होती.

ट्रे आणि चकत्या. चकती पाण्यात टाकली की फुगून वर येते ते बघायला मजा वाटते, पण तिच्याभोवती बारीक जाळी असते, ती रोप लावताना कात्रीने कापायची, नाहीतर मुळं आतच घुसमटतात. ट्रेचं झाकण कोंब दिसला त्याच दिवशी काढा. मी नाही काढलं, रोज पाणीही घातलं, आणि एका सकाळी झेंडूची नऊ रोपं बुडाशी काळी पडून लोळलेली. याला मर म्हणतात, सतत ओली माती आणि कोंडलेली हवा असली की जमिनीतली बुरशी कोवळ्या देठावर चढते. पडलेलं रोप वाचत नाही, उरलेल्यांना हवा द्यायची आणि पाणी थांबवायचं एवढंच हातात असतं. आता मी बोटाचं एक पेर मातीत घालून बघते, आत कोरडं लागलं तरच पाणी. कोकोपीट वरून सुकलेलं दिसतं आणि आत चिंब असतं, तिथेच फसायला होतं. त्यात अन्नद्रव्यंही नावालाच, म्हणून दोन-चार पानं आली की रोप मातीत हलवायचं.

‘कुठेही उगवतं’ ही तर शुद्ध थाप. आठातल्या सात जणांना दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन पाहिजे. पोर्तुलाका तर ढगाळ दिवशी दुकानच उघडत नाही. कमी उन्हात निभावणारा एकटा तेरडा, त्याला थोडी सावली चालते पण माती कोरडी पडलेली चालत नाही, दुपारी लगेच माना टाकतो आणि पाणी मिळालं की तासाभरात असा उभा राहतो जसं काही झालंच नव्हतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, माझ्याकडे पाच-सहा आठवडे फुलत होता, एक फूल गळलं की दुसरं तयार.

मार्क द्यायचे तर बियांना पाचपैकी चार, कारण जे रुजायला हवं होतं ते नीट पेरल्यावर रुजलं, ओल्या टिश्यू पेपरमध्ये झिनियाच्या दहा बिया ठेवून बघितल्या तर आठांना मोड आले. पुस्तिकेला एक, तोही चित्रं छान आहेत म्हणून. घ्यायचंच असेल तर पाकिटावरची पॅकिंगची तारीख आधी बघा, माझ्या एका पाकिटावर ती छापलेलीच नव्हती. नाहीतर सरळ झिनिया, मखमली झेंडू, कॉसमॉस, तेरडा आणि गोकर्ण अशी पाच पाकिटं सुटी घ्या, डबा नको. पोर्तुलाका हवाच असेल तर कोणाकडून तरी बोटभर फांदी मागून आणा, मातीत खोचली की लागते, बियांची झिगझिग कशाला.

मी तरी हा डबा परत घेणार नाही. झिनियाचं फूल झाडावरच पूर्ण वाळू दिलं आणि पाकळी ओढली तर बुडाशी बी चिकटूनच येतं, तशी एक डबी भरून ठेवलीय. झेंडूच्या पाकिटावर एफ-१ लिहिलंय, म्हणजे संकरित, त्याच्या बियांतून तसंच फूल येईलच असं नाही, तरी त्याही ठेवल्यात. तेरड्याच्या शेंगा मात्र मी तोडायच्या आतच फुटल्या, पिकलेल्या शेंगेला बोट लागायचा अवकाश की बिया उडतात, आणि काल बघितलं तर रिकाम्या पेटुनियाच्या ट्रेमध्ये चार कोंब आलेत, तेरड्याचे.