आधुनिक आर्थिक भूगोलाचा लातुरातील अभ्यासवर्ग : एक परीक्षण

लातुरातील एका महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारी घेतलेला आर्थिक भूगोलातील सिद्धांत व पद्धतींचा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. सेट-नेटसाठी तयार नोट्स हव्या असणाऱ्यांना तो संथ वाटेल. मराठवाड्यावर संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी मात्र तो अवश्य करावा.

शेती, कारखाने आणि बाजारपेठेची गावे कुठे वसतात हे सांगणारे फॉन थ्यूनेन (१८२६), वेबर (१९०९) आणि ख्रिस्टालर (१९३३) यांचे सिद्धांत आपण पदवीपासून पाठ करत आलो आहोत. येथे मात्र प्रत्येक सिद्धांत कशाचे उत्तर देतो आणि कुठे अपुरा पडतो, हे तपासून घेतले जाते. वेबरचा न्यूनतम खर्चाचा सिद्धांत साखर कारखान्याला चपखल लागू पडतो : शंभर किलो उसातून साधारण दहा-अकरा किलो साखर निघते आणि तोडलेला ऊस पडून राहिला की साखरेचा उतारा घटतो, म्हणून कारखाना उसाच्या शिवारांजवळच उभा राहतो. त्यानंतर सरांनी जालना पुढे ठेवले. तिथे लोहखनिज नाही, कोळसा नाही, बंदर शेकडो किलोमीटर दूर. तरीही भंगार वितळवून सळया बनवणारा उद्योग तिथे रुजला. याच शहरात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालन्याची ओळख बियाण्यांशी जोडली गेली. या दोन उदाहरणांवर दुपारभर चर्चा झाली. अर्थशास्त्रज्ञ मार्शलचे उद्योगांच्या एकत्रीकरणाचे विवेचन, अर्थशास्त्रज्ञ क्रुगमनने १९९१ मध्ये मांडलेली वाढत्या उत्पादनफलाची (उत्पादन वाढते तसा दर नगामागचा खर्च घटतो, ही) भूमिका आणि एकदा रुजलेले कौशल्य पुढची वाट कशी ठरवते हे पाहणारा उत्क्रांतिवादी आर्थिक भूगोल यांतील फरक मला त्या दुपारी प्रथमच नीट उमगला.

पद्धतींच्या भागात सहाव्या आर्थिक गणनेची आकडेवारी घेऊन लोकेशन कोशंट प्रत्येकाकडून हाताने काढून घेतला : जिल्ह्यातील एकूण रोजगारात एखाद्या उद्योगाचा वाटा भागिले राज्यातील त्याच उद्योगाचा वाटा. उत्तर एकाहून जास्त आले की केंद्रीकरण दिसते, कारण दिसत नाही, हे सर वारंवार बजावत. क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरील सरावही समाधानकारक झाला, फक्त संगणक कमी पडले.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या श्रमाच्या अवकाशीय विभागणीला (उत्पादनातील वेगवेगळी कामे वेगवेगळ्या प्रदेशांत वाटली जाण्याला) जेमतेम एक तास मिळाला, आणि मराठवाड्यासाठी तोच विचार सर्वांत निकडीचा आहे. बीडमधील ऊसतोड कामगार दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हणजे एका प्रदेशाचा साखर उद्योग दुसऱ्या प्रदेशाच्या कोरडवाहू शेतीवर आणि बेरोजगारीवर उभा राहतो. मुकादम नवरा-बायकोला मिळून एक कोयता, म्हणजे कामाचे एकच एकक, धरून उचल (आगाऊ रक्कम) देतो. आमच्या सरावाच्या प्रश्नावलीत मजुरीचा रकाना मात्र फक्त कुटुंबप्रमुखाचा होता, त्यामुळे बाईचे श्रम आकडेवारीत उतरलेच नसते. लक्षात आणून दिल्यावर सरांनी रकाना तत्काळ बदलला, परंतु मुलाखत कशी घ्यावी आणि तिचे विश्लेषण कसे करावे याला पुढे वेळच उरला नाही. या भागासाठी किमान दोन पूर्ण दिवस आणि एखाद्या गावातील क्षेत्रभेट हवी.

इंग्रजी लेखांचे दिलेले मराठी सारांश नेमके आहेत, पण ते मूळ लेखाला पर्याय नव्हेत. प्रवेश घेण्यापूर्वी शेकडेवारी आणि एक्सेलचा थोडा सराव करून घ्यावा. वर्गात त्यासाठी कोणी थांबत नाही.