बायफच्या गीर रेतमात्रा, आमचा अनुभव

आमची गीर गाय तीनदा उलटली होती, म्हणजे भरवूनही गाभण राहिली नव्हती. आधीचा रेतन करणारा (नाव नाही घेत) कांडी (म्हणजे रेतमात्रा, गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) काढून शर्टाच्या खिशात ठेवायचा, कोमट पाणी वगैरे काहीच नाही, आणि वळूचा नंबर विचारला की चिडायचा. दर २१ दिवसांनी परत माज, परत खर्च, वर भाकड दिवसांचा चारा वेगळाच.

मग उरुळीकांचनच्या बायफ या संस्थेची कांडी वापरली. सकाळी गाय माजावर आली, काचेसारखा सोट (चिकट स्राव) टाकत होती, दुसरे रेतन करणारे भाऊ आहेत, त्यांना फोन केला तर म्हणाले आत्ता नको, संध्याकाळी भरवू. आले, नायट्रोजनच्या कंटेनरमधून चिमट्यानं कांडी काढली, थर्मासमधल्या ३७ डिग्रीच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली, पुसली, आणि वळूचा नंबर, तारीख मला वाचायला लावली, मी वहीत लिहून घेतलं. पाव मिली माल असतो फक्त, पण उणे १९६ डिग्रीतून काढून हलगर्जी केली की वीर्य मेलंच समजा. वळू कितीही भारी असू दे.

तीन महिन्यांनी तपासली, गाभण!! घरात अक्षरशः पेढे वाटले. कांडी थोडी महाग पडली पण मी परत हीच घेणार. फक्त भाऊंना लवकर फोन करा, माजाच्या दिवसांत ते लांब गावाला असतात.