परत न फेडायचे पैसे आणि जपून ठेवायच्या पावत्या: कॅनडातील दिव्यांग विद्यार्थी अनुदान

आमच्या मुलीला लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. ती ऑन्टॅरिओतील एका महाविद्यालयात शिकते आणि सलग दोन वर्षे तिने कॅनडा सरकारचे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे अनुदान घेतले आहे. त्या अनुभवावरून मी या योजनेला पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण रकमेसाठी नाही, वेळापत्रकासाठी आहे.

ही खरे तर दोन अनुदाने आहेत, आणि आपल्या ओळखीतल्या बहुतेक कुटुंबांना त्यांतले पहिलेच ठाऊक असते. ते वर्षाला २,८०० डॉलरचे असून त्याचा खर्च कसा केला हे कोणी विचारत नाही. २०२० पूर्वी ही रक्कम २,००० डॉलर होती, महामारीच्या काळात तीन शैक्षणिक वर्षांसाठी ती ४,००० झाली आणि २०२३-२४ पासून २,८०० वर आली. दुसरे अनुदान सेवा आणि उपकरणांसाठी आहे. त्याची वार्षिक मर्यादा एके काळी ८,००० डॉलर होती, आता ती २०,००० आहे. आमच्या दृष्टीने योजनेचे खरे मोल या दुसऱ्या भागात आहे, कारण वर्गात बसून टिपणे घेणारा मदतनीस आणि प्राध्यापकांचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारा मायक्रोफोन यांचा वर्षभराचा खर्च २,८०० डॉलरांत भागण्यासारखा नव्हता.

मला सर्वांत भावली ती पात्रता ठरवण्याची रीत. भारतात आपल्याला टक्क्यांची सवय असते: ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर दार उघडते, ३८ असेल तर बंद राहते. इथल्या फॉर्मवर तज्ज्ञाला लिहावे लागते ते एवढेच, की या स्थितीमुळे विद्यार्थ्याच्या शिकण्यात नेमका कोणता अडथळा येतो आणि ती स्थिती किती काळ टिकणारी आहे. ऑगस्ट २०२२ पासून कायमस्वरूपी अपंगत्वाची अटही सैल झाली असून किमान १२ महिने टिकणारी स्थिती विचारात घेतली जाते. गंमत म्हणजे ४० चा आकडा इथेही भेटतो, पण वेगळ्याच जागी. इतर विद्यार्थ्यांना पूर्णवेळ गणले जाण्यासाठी अभ्यासक्रमाचा ६० टक्के भार घ्यावा लागतो, दिव्यांग विद्यार्थ्याला ४० टक्के पुरतो. आमच्या मुलीने पहिल्या सत्रात दोन विषय कमी घेतले आणि तरीही तिची मदत थांबली नाही.

आता तक्रारीकडे वळतो. पहिल्या अनुदानासाठी वेगळा अर्ज नसतो. तो प्रांताच्या विद्यार्थी मदत योजनेतून, म्हणजे आमच्याकडे ओसॅपमधून, कर्जाच्या अर्जाबरोबरच करावा लागतो, आणि हिशेबात एक डॉलरची तरी आर्थिक गरज निघावी लागते. कर्ज नाकारून फक्त अनुदान घेता येते, ही गोष्ट कर्जाच्या नावाने बिचकणाऱ्या आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. भारतातून आणलेली कागदपत्रे आम्ही हौसेने जोडली होती, परंतु फॉर्म इथल्या ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, नव्याने भरून घ्यावा लागला आणि त्याचे शुल्क आमच्या खिशातून गेले. नंतर संबंधित कार्यालयाने उपकरणाचे दरपत्रक एका सहीसाठी परत पाठवले. परिणामी सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाले आणि पैसे ऑक्टोबरच्या मध्यावर आले. ते सहा आठवडे तिने मैत्रिणीच्या वहीवर काढले. ज्या मदतीविना वर्गातले ऐकूच येत नाही, ती वर्ग सुरू झाल्यावर मिळावी हे मला अजून पटलेले नाही. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच भरावा आणि दरपत्रक आधी मागवून ठेवावे, एवढेच सांगता येईल.

उपकरणांच्या पैशाचा हिशेब मात्र काटेकोर असतो. प्रत्येक पावती द्यावी लागते, त्यामुळे मदतनिसाला रोख पैसे देऊन मोकळे होण्याची सवय पहिल्याच दिवशी सोडावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण पुण्या-नागपुरातून मला याच प्रश्नाचे फोन येतात. ही अनुदाने नागरिक, कायमचे रहिवासी आणि संरक्षित व्यक्ती (म्हणजे कॅनडाने आश्रय दिलेले निर्वासित) यांच्यासाठीच आहेत. विद्यार्थी परवान्यावर येणाऱ्यांना ती मिळत नाहीत. क्यूबेक, नूनावूत आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांच्या योजना स्वतंत्र आहेत, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी वरचे आकडे गृहीत धरू नयेत.

दुसऱ्या वर्षी तज्ज्ञाचा फॉर्म पुन्हा भरावा लागला नाही, कारण कायमस्वरूपी अपंगत्वाची नोंद आधीच झालेली होती. मुलीने जून महिन्यात एका संध्याकाळी बसून सगळा अर्ज स्वतःच पूर्ण केला. मला तिने एकच प्रश्न विचारला, तो म्हणजे माझ्या प्राप्तिकर विवरणपत्रातील ओळ १५००० वरचा, म्हणजे एकूण उत्पन्नाचा, आकडा कोणता.