जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीला बॅटरी कुठली: पाण्याची की मेंटेनन्स-फ्री?

परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, बॅटरीतलं पाणी झपाट्याने आटतं. तरीही रोज फिरणाऱ्या पद्मिनीला मी पाण्याचीच बॅटरी बसवेन. चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा जुना रेग्युलेटर बिघडला की जास्त व्होल्टेज सोडतो, त्यानेही पाणी आटतं. पाणी भराभर उतरतंय हे बूच उघडताच कळतं आणि भरही घालता येते. डिस्टिल्ड वॉटरच घाला हं, आपल्या बोअरचं क्षाराचं पाणी प्लेटा खातं. मेंटेनन्स-फ्री म्हणजे सीलबंद बॅटरी, तिच्यात आटलेलं भरून काढायची सोयच नाही. मात्र तिची टर्मिनलं कमी गंजतात, उभ्या गाडीत ती चार्जही जास्त दिवस धरते. गाडी फक्त लग्नसराईत निघत असेल आणि चार्जिंग १४.४ व्होल्टच्या आत राहत असेल, तर तीच घ्या. कुठलीही असो, गाडी बरेच दिवस उभी ठेवताना अर्थची (बॅटरीच्या मायनस टोकाची) वायर सोडवून ठेवा.