आताचे सर की जुना जाणता कोच?

पार्क मैदानाबाहेर चहा घेताना आमच्या फुटबॉल क्लबात सध्या हाच विषय. आताचे सर तरुण आहेत. सोलापूरचं ऊन चढायच्या आत पोरांना पळवतात, कुणाचा कोणता गुडघा दुखतो ते त्यांना पाठ. पण सलग दोन गोल खाल्ले की गोंधळतात. मुरलेला माणूस आधी बचाव बांधतो. मार्च 2023 मध्ये क्रिस्टल पॅलेस या इंग्लंडमधल्या क्लबनं 75 वर्षांचे जुने कोच रॉय हॉजसनना परत बोलावलं. 10 सामने हाती होते, संघ वरच्या लीगमध्ये तरला. तिथल्याच लीड्स क्लबनं सॅम अलार्डाइस या मुरलेल्या कोचना आणलं तेव्हा 4 सामने उरले होते, संघ खालच्या लीगमध्ये गेलाच. आमचा अर्धा मोसम बाकी आहे, तरी माझं मत सरांनाच. आपली पोरं अजून घडायचीत. जाणत्याला आठवड्यातून दोनदा बोलवा, सरांच्या शेजारी उभं करा.