खाडीतले पक्षी मोजायचेत: ऐरोलीची बोट बरी की भांडुप पंपिंग?

या सीझनला ठाणे खाडीत नियमित काउंट सुरू करायचाय आणि ऐरोलीची बोट की भांडुप पंपिंग स्टेशनची वाट यात अडकला असाल तर मी दोन्ही केलंय म्हणून सांगतो, बाकी तुमचं तुम्ही ठरवा.

फ्लेमिंगो जवळून बघायचे तर बोटच, त्यात वाद नाही. लेसर आणि ग्रेटर या दोन जाती; लेसरची गडद लाल चोच आणि ग्रेटरची गुलाबी, फक्त टोकाला काळी, हा फरक पाण्यावरून एकदा बघितला की परत विसरायला होत नाही. 2015 ला खाडीचं अभयारण्य झालं, 2022 ला ते रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेलं, ते कशासाठी हे तिथे गेल्यावर कळतं. घरच्यांना न्यायचं असेल तरी बोटच.

पण काउंटसाठी मला नडली ती भरती. बोटीला पाणी लागतं आणि छोट्या वेडर्सना (चिखलात चरणारे पक्षी) उघडा चिखल लागतो, म्हणजे बोट मस्त चालते तेव्हा नेमका चिखल बुडालेला असतो आणि ते सगळे उठून भरतीच्या वेळच्या बसायच्या जागांवर गेलेले असतात. त्यात भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे या रविवारी सकाळी भरती असेल तर पुढच्या रविवारी त्याच वेळेला जवळपास ओहोटी. पंधरा दिवसांनी वेळ पुन्हा जुळते हे खरंय, तरी पाण्याची उंची सारखी नसते. मग तुतवार (छोटे वेडर) कमी दिसले तर ते खरंच कमी झाले की नुसतं पाणी जास्त होतं, हे सांगता येत नाही, आणि मला तेच तर जाणून घ्यायचं होतं! बोट पुढे गेली की थवा परत मोजताही येत नाही.

भांडुपला वास आहे, डास आहेत, फ्लेमिंगोंची खात्री नाही. आत सोडायचे नियम आधी विचारून घ्या. पण तीच वाट, तेच तळं, ट्रायपॉड लावून शंका आली की पुन्हा मोजायचं. डिसेंबर-जानेवारीत थापट्या आणि तलवार ही बदकं, वरून मार्श हॅरियर (शिकारी पक्षी) गेला की सगळी बदकं एकदम उठतात, गवतात ब्लूथ्रोट हा छोटा पक्षी, आणि पावसाळ्यात सुगरणींची घरटी. बाराही महिने काहीतरी लिहायला असतं. जानेवारीतल्या एशियन वॉटरबर्ड सेन्सससाठी (पाणपक्ष्यांची गणना) हात बसवायला तर मला हीच जागा जास्त पटली, कदाचित तुम्हाला वेगळं वाटेल.

भरतीचा परिणाम इथेही होतोच, खाडी भरली की तिकडचे पक्षी तळ्यांवर येतात, म्हणून प्रत्येक लिस्टवर भरतीची वेळ टाका. बोट फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदा घ्याच, फक्त त्या दिवसाचे आकडे भांडुपच्या आकड्यांत मिसळू नका, ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) वेगळी लिस्ट करा.